रिमूवर पांढरा हात

बुधवारी पोहून घरी आल्यावर नोएलीनच्या लक्षात आलं, की भिंतीचा रंग तिने सोडला होता त्याच्या पुढे गेला आहे. ती बैठकीच्या खोलीच्या दारात तशीच उभी राहिली. अंगात कोट, केस ओले, खांद्याला टॉवेलची पिशवी. काल संध्याकाळी तिने अस्तराचा पांढरा हात खिडकीच्या अलीकडच्या चौकटीपर्यंत आणून थांबवला होता, कारण कंबर बोलायला लागली होती. आता तो पांढरा खिडकीच्या वरून, खालून, पलीकडून थेट कोपऱ्यापर्यंत पोचला होता. तिने बोट लावलं. बोटाला चिकट लागलं. म्हणजे कालचं नाही, आज सकाळचंच. मग सकाळी आपण रंगवलं? तिने सकाळ आठवून पाहिली. टोस्ट, मार्मालेड, समोर वर्तमानपत्रामागे नवरा, बाटलीतलं संपत आलेलं दूध, बसच्या थांब्यावर वाऱ्याने उलटी झालेली कुणाची तरी छत्री. सगळं एकाला एक लागून होतं, मध्ये ब्रश शिरेल एवढीसुद्धा फट नव्हती. आणि डब्याचं झाकण हातोडीने कडेकडेने ठोकून घट्ट बसवलेलं होतं. ब्रश धुऊन, वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून, सुतळीने बांधून ठेवला होता. नोएलीन असलं काही करत नसे. ती झाकण पायाने दाबायची आणि ब्रश प्लास्टिकच्या पिशवीत कोंबायची. पसारा दिसला असता तर ती एवढी घाबरली नसती. भीती होती ती ह्या नीटनेटकेपणाची.

आईचंही असंच, नीटनेटकं सुरू झालं होतं. गोर गावात, शेवटच्या घरात, आई रोज सकाळी शेजारच्या मॅकअर्दरबाईंचे वाळत घातलेले कपडे दोरीवरून काढून आणायची, त्यांना झकास इस्त्री करायची, घड्या घालून आपल्या कपाटात लावून टाकायची. मॅकअर्दरबाई बिचारी संध्याकाळी दाराशी येऊन, नवऱ्याच्या चड्ड्या मिळतील का, असं हळू आवाजात विचारायची. गावाला हसू यायचं, नोएलीनलाही सुरुवातीला आलं होतं. वडील मात्र प्रत्येक वेळी समजावायचे, ‘अगं जीन, हे आपले नव्हेत’, आणि आईला प्रत्येक वेळी ते पहिल्यांदाच कळायचं. ती ओंजळीत तोंड घालून रडायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा इस्त्री, पुन्हा समजावणं, पुन्हा रडणं. वडिलांना खरं बोलायची खोड होती. आईचं ते सुरू झालं तेव्हा तिचं जे वय होतं ते नोएलीनने गेल्या हिवाळ्यात ओलांडलं होतं. वाढदिवसाला मुलीने ब्रिस्बेनहून फुलं पाठवली होती, आणि ती फुलदाणीत लावताना नोएलीनच्या मनात एकच गोष्ट होती, की झालं, आता आपली पाळी.

ही भिंतसुद्धा साधी भिंत नव्हती. तिचा नवरा मर्व सुतार होता, सगळा जन्म दुसऱ्यांची घरं सजवण्यात गेलेला. बंदरावरचं एक जुनं हॉटेल पाडत होते तेव्हा त्याने तिथल्या रिमूच्या, म्हणजे इथल्या रानातल्या लाल लाकडाच्या, फळ्या उचलून आणल्या, एकेक खिळा काढला, एकेक फळी मागच्या बाजूला क्रमांक घालून ओळीत लावली, म्हणजे लाकडाची रेघ एका फळीतून दुसरीत न तुटता जावी. मुलगी शेरिल पोटात होती तेव्हाची गोष्ट. नोएलीन पोट धरून पायरीवर बसायची आणि तो तिला फळी दाखवायचा, ‘बघ, बघ, नदी कशी वाहतेय.’ तिला नदी दिसायची नाही, पण ती हो म्हणायची. ह्या देशात माणसाने बायको सोडली तरी लोक चार दिवसांत विसरतात. रिमूवर रंग मारला तर मात्र नातवंडांपर्यंत नाव निघतं. मर्वच्या सख्ख्या भावाने, ग्रेअमने, आपल्या घराची रिमूची दारं साय-रंगाने रंगवली, तेव्हापासून मर्व त्याच्याकडे नाताळालासुद्धा गेला नाही. ग्रेअम वारला तेव्हा गेला, तर चर्चमधून परत येताना गाडीत म्हणाला, ‘दारं अजून तशीच आहेत.’ अशा माणसाच्या घरात, टेकडीच्या दक्षिण उतारावर, इथे उत्तरेकडून येणाऱ्या उन्हाकडे पाठ केलेल्या ह्या खोलीत नोएलीन सगळा संसार दिवसाढवळ्या दिवा लावून बसली. लाल-काळं लाकूड दिव्याचा उजेडही पिऊन टाकायचं. गेल्या जुलैत, ऐन हिवाळ्यात, एकदा दुपारी तिला विणकामातला सुटलेला टाका दिसेना, आणि ती सुया टाकून म्हणाली, ‘मर्व, मला हे पांढरं करायचंय. मरायच्या आधी मला इथे उजेडात बसायचंय.’ तिने भांडणाची तयारी ठेवली होती. पदर खोचून उभी होती म्हणा ना. तो थोडा वेळ भिंतीकडे बघत राहिला आणि म्हणाला, ‘रंगव.’ एवढंच. मग स्वतःच्या खुर्चीवर चादर टाकली आणि वर्तमानपत्र घेऊन स्वयंपाकघरात जाऊन बसला, तो आजतागायत. जिंकल्यावर माणसाला बरं वाटायला पाहिजे. तिला वाटलं नाही. रुसलाय, ती स्वतःला म्हणाली. रुसू दे. घासकागद आणून तिने जुनं व्हर्निश घासायला घेतलं, आणि लाल भुकटी तिच्या पापण्यांवर बसली.

आता तिने टॉवेलची पिशवी खाली ठेवली आणि स्वयंपाकघरात गेली. मर्व टेबलाशी होता. शब्दकोडं समोर, पेन्सिल हातात.

“मर्व, तू पुढच्या खोलीत गेला होतास का रे?”

“मी?” त्याने चष्म्यावरून बघितलं. “त्या खोलीत? मेलो की नेऊन ठेव तिथे, लोकांना बघायला बरं पडेल. जिवंतपणी नाही जाणार.”

“सहज विचारलं.”

“सहज? काय फोडलंस? खिडकीची काच?”

“काही नाही फोडलं.”

“मग रंगवतेस तू आणि हजेरी माझी का घेतेस?”

मर्वला खोटं बोलता येत नसे. बोलायला गेला तर त्याच्या डाव्या डोळ्याचा कोपरा फडफडायचा. थट्टा करतानाही फडफडायचा, म्हणून त्याची थट्टा कधी फारशी जमली नाही. नोएलीनने त्या कोपऱ्याकडे नीट बघितलं. तो स्वस्थ होता. म्हणजे तो गेला नव्हता. म्हणजे तिसरं कुणी घरात नव्हतं आणि दुसरा गेला नव्हता. ती हात धुवायला नळाशी गेली. बोटाचा पांढरा निघता निघेना, आणि नळ सोडून ती कितीतरी वेळ उभी आहे हे मर्वने ओरडून सांगितलं तेव्हा तिला कळलं.

त्यानंतरचे दिवस तिने चोरावर नजर ठेवावी तशी स्वतःवर नजर ठेवली. आणि नजर ठेवल्यावर काय, हवं तेवढं सापडतं. चहाची किटली कोरडी जळालेली सापडली. गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात, टॉवेलांच्या घडीवर, दुधाची बाटली सापडली, आतलं दूध फाटलेलं. कचरा न्यायचा वार चुकला. मागचं दार रात्रभर नुसतं लोटलेलं राहिलं. प्रत्येक गोष्ट तिने मुकाट्याने आपल्या खात्यावर टाकली, मर्वला कळायच्या आत किटली वाळूने घासून ठेवली, दूध ओतून दिलं, बाटली विसळली. रविवारी शेरिलचा फोन आला. नोएलीनने बागेतल्या मांजराची गोष्ट सांगायला घेतली तर शेरिल म्हणाली, “मम, हे तू मागच्या वेळी सांगितलंस ना.” जगातली प्रत्येक आई प्रत्येक मुलीला तीच गोष्ट दोनदा सांगते. पण नोएलीनने ती गोष्ट तिथेच सोडली. “हो का?” ती म्हणाली, “मग आता बापाशी बोल.” मर्वने फोन घेतला आणि हवेपाण्याबद्दल बोलला. हवेपाण्याबद्दल तो नेहमीच छान बोलायचा.

ती गुपचूप डॉक्टरकडे गेली. तिथे घड्याळ काढायला लावतात हे तिला आईच्या वेळेपासून ठाऊक होतं, म्हणून आधीचे दोन-तीन दिवस तिने रंगाच्या दुकानातून आणलेल्या पत्रकांच्या मागे घड्याळंच घड्याळं काढली. पाऊण वाजलेलं, सव्वादहा वाजलेलं, काट्यांसकट. डॉक्टरांनी सांगितलं, अकरा वाजून दहा मिनिटं काढा, तर तिने असं सुबक घड्याळ काढलं की डॉक्टरही हसले. पाच शब्द पाठ ठेवायला दिले, तेही तिने शेवटी घडाघडा म्हणून दाखवले. “मिसेस बेअर्ड, तुमचं डोकं माझ्यापेक्षा ठणठणीत आहे,” ते म्हणाले. बाहेर आल्यावर तिला क्षणभरही बरं वाटलं नाही. परीक्षेचा पेपर आधी फुटलेला, त्यात पहिला नंबर काढून काय उपयोग? तिने डॉक्टरांना भिंतीचं सांगितलंच नव्हतं. जिभेवर आलं होतं, पण सांगितलं असतं तर ते खरं झालं असतं. बस टेकडी चढत होती आणि ती खिडकीतून बाहेर बघत थांब्यांची नावं पुटपुटत होती, एक संपलं की पुढचं. शेजारच्या सीटवरच्या मुलीने कानातलं गाणं बंद करून विचारलं, “आजी, काही हवंय का?” नोएलीन ओशाळली.

पुढच्या बुधवारी पोहायला निघण्याआधी तिने, जिथवर रंग झाला होता तिथे, भिंतीतल्या शेकोटीच्या अलीकडे, निळ्या चिकटपट्टीचा एक उभा तुकडा लावला. तो लावताना तिला स्वतःची लाज वाटली. परत आली तेव्हा पट्टी नव्हती, आणि शेकोटीच्या दोन्ही बाजू पांढऱ्या झाल्या होत्या. पट्टीची बारीक गोळी करून डब्याच्या झाकणावर ठेवलेली होती. नोएलीन गुडघ्यांवर बसली आणि जवळून बघायला लागली. ती आधी फळ्यांमधल्या खाचा बारीक ब्रशने भरायची, मग फळीवर रोलर फिरवायची, आणि दोन्ही जिथे भेटतात तिथे नेहमी एक जाड काठ राहायचा. इथे काठ नव्हता. इथे वरपासून खालपर्यंत एका दमात ओढलेला हात होता, कुठे ओघळ नाही, कुठे केस अडकलेला नाही. तिला असं येत नव्हतं. जन्मात आलं नसतं. मग तिच्या मनात भलतंच आलं. आपल्या आत कुणी दुसरी बाई आहे. आपण बसमध्ये बसलोत असं आपल्याला वाटतं तेव्हा ती इथे असते, आणि ती आपल्यापेक्षा बरं रंगवते. आपण तलावात हातपाय मारतो, ती ह्या खोलीत राबते. हळूहळू तिला खोली पुरणार नाही. ती स्वयंपाकघरात येईल, मर्वला जेवायला वाढेल, शेरिलशी बोलेल, आणि आपण कुठल्या तरी थांब्यावर उभे राहू, बस येणार नाही. तिने पांढऱ्या भिंतीला पाठ लावली, मग अस्तर ओलं आहे हे आठवून झटकन पुढे झाली, पण उशीर झाला होता. नव्या स्वेटरची पाठ खराब झाली. स्वयंपाकघरातून मर्व ओरडला, “जेवायचं काय आज?” त्याचा आवाज नेहमीचा होता, भुकेला आणि थोडा चिडका. त्या आवाजाला धरून ती उठली.

तिसऱ्या बुधवारी तलावाच्या दारावर कागद लावला होता, पाणी तापवणारं यंत्र बिघडलं आहे, क्षमस्व. बायका थोडा वेळ उभ्या राहून कुरकुरल्या आणि पांगल्या. नोएलीन आली त्याच बसने परत फिरली. ती भीत भीत फाटकाशी आली, कारण आज दोघी एकाच वेळी घरात असणार होत्या, ती आणि ती दुसरी. हे वेडगळ आहे हे तिला कळत होतं. कळून भीती कमी झाली असती तर आणखी काय हवं होतं. मागचं दार उघडं होतं. आत शीळ ऐकू येत होती. लग्नाआधी, ती भांड्यांच्या दुकानात काम करायची तेव्हा, समोरच्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावरून हीच शीळ यायची, सूर न सापडलेली, एकाच ओळीत फिरणारी. किती वर्षांत तिने ती ऐकली नव्हती. बोळातून ती पुढे गेली आणि दारातून आत बघितलं.

मर्व होता. अंगात जुना कामाचा डगला, कानावर पेन्सिल, पायाखाली चादर व्यवस्थित अंथरलेली. हात वरून खाली येत होता, सावकाश, एका दमात.

नोएलीनला हसूच फुटलं. मी नाही! मी नाही! तिला नाचावंसं वाटलं. हा लबाड! तोंडाने नाही नाही म्हणतो आणि बायको बाहेर गेली की तिच्या भिंती रंगवून देतो, आपला तोरा तेवढा खाली येऊ नये म्हणून. “अरे चोरा!” ती ओरडली. “तूच होय! आणि मी मेली इथे भीतीने अर्धी झाले!”

तो वळला. थेंब पडू नये म्हणून ब्रश उभा धरला. आणि हसला. ते हसू तिच्या ओळखीचं होतं, पण ते तिच्यासाठी नव्हतं. लोकांच्या घरी कामाला गेला की दारात तो ते हसू काढायचा.

“आलात का बाई? माफ करा, दचकलात. मागचं दार उघडं होतं, म्हणून म्हटलं सुरुवात करून टाकू. उजेड गेला की मग काम दिसत नाही ह्या खोलीत.”

“पुरे आता, मर्व.”

“हो, मर्वच. कंपनीने नाव कळवलं होतं वाटतं तुम्हाला? बरं झालं. अनोळखी माणूस घरात म्हणजे बायकांना अवघड वाटतं.”

ती त्याच्या डाव्या डोळ्याच्या कोपऱ्याकडे बघत राहिली. फडफड, ती मनात म्हणत होती. फडफड रे बाबा एकदा. कोपरा स्वस्थ होता. डोळे स्वच्छ होते, जरा तरुणच दिसत होते.

“स्मोकोला चहाचं काही होईल का बाई?” त्याने विचारलं. “नाही तर माझा थर्मास आहे. गाडीत राहिला असेल.” तो खिडकीशी जाऊन रस्त्यावर बघायला लागला. रस्त्यावर गाडी नव्हती. तो ह्या बाजूला बघायचा, मग त्या बाजूला बघायचा, आणि त्याच्या कपाळावर हळूहळू काहीतरी गोळा व्हायला लागलं.

“मी करते चहा,” नोएलीन घाईघाईने म्हणाली. “कामाच्या माणसाला चहा द्यायला नको का?”

किटली ठेवली. तिचे हात चालत होते. छातीत तो मघाचा आनंद अजून तसाच बसला होता, मी नाही, मी नाही, आणि तिला त्याची शिसारी आली, पण तो उठून जाईना. किटली कोरडी कुणी जाळली, हे आता तिला कळलं. टॉवेलांवर दूध कुणी ठेवलं, तेही कळलं. मागचं दार. कचऱ्याचा वार तर नेहमी तोच सांभाळायचा. तिने आपल्या खात्यावर टाकलेली एकेक गोष्ट उठून त्याच्या खात्यावर जाऊन बसत होती, आणि तिला ओरडून सांगावंसं वाटत होतं, थांबा, राहू द्या, माझ्याकडेच राहू द्या. ‘रंगव’ म्हणाला होता ना तो! जन्मभर भावाशी न बोललेला माणूस एका शब्दात ‘रंगव’ म्हणतो, आणि बायकोला वाटतं रुसला. वर्तमानपत्रामागे तो किती दिवसांत पान उलटत नव्हता? शब्दकोड्याची घरं भरत होता की नुसती पेन्सिल धरून बसत होता? चव्वेचाळीस वर्षं ज्याच्या शेजारी झोपले त्याच्याकडे मी बघितलंच नाही, मी आपली माझ्याकडेच बघत बसले. तिला वाटलं, आत जावं, त्याचे दोन्ही खांदे धरावेत, म्हणावं, मर्व, हे आपलं घर आहे. मग तिला मॅकअर्दरबाईंचे कपडे आठवले, वडिलांचा तो समजूतदार, खरा आवाज आठवला, आणि आईची ओंजळ. तिने ट्रेमध्ये कामगारांसाठीचा जाड मग ठेवला, भाजलेले दोन चीज रोल ठेवले आणि आत गेली.

“बसा,” ती म्हणाली आणि त्याच्या खुर्चीवरची चादर ओढली.

“नको नको. माझ्या विजारीला रंग आहे बाई, तुमची खुर्ची खराब होईल.” त्याने रिकामा डबा उपडा केला, त्यावर बसला, चहाचा मग दोन्ही हातांत धरला. “वा. चीज रोल. माझी आईसुद्धा असेच करायची, कांदा जास्त.” खाता खाता तो न रंगवलेल्या शेवटच्या भिंतीकडे बघत होता. “एक बोलू का? राग मानू नका. हे ज्याने लावलं ना, तो माणूस कामाला पक्का होता. बघा, रेघ कशी तुटत नाही कुठे. नदीसारखी. आणि तुम्ही त्यावर पांढरं फासताय.”

“अंधार होतो हो खोलीत,” नोएलीन म्हणाली.

“ते आहेच.” तो हसला. “आमच्याकडेही हेच होणार आहे. आमचं ठरलंय, लग्नाचं. समोरच्या भांड्याच्या दुकानात असते ती. नोएलीन. मी तिला म्हटलं, घर बांधलं की सगळ्या भिंतींना रिमू. ती काही बोलली नाही, पण मला माहीत आहे, तिला आवडणार नाही. तिला ऊन लागतं. मांजराची जात.”

नोएलीन खुर्चीवरून ओढलेल्या चादरीची घडी घालायला लागली. विचारू नकोस, ती स्वतःला म्हणाली, आणि विचारलं. “आणि तिने हट्टच धरला, रंग देऊ या म्हणून, तर?”

मर्वने चहाचा घोट घेतला आणि खरोखरच विचार केला. “तर भांडेन. दहा-वीस वर्षं भांडेन,” तो म्हणाला. “आणि मग मीच देईन रंग. दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही. बसायचं शेवटी तिला आहे ना तिथे.” त्याने चहाचा मग खाली ठेवला आणि उठला. “तुमचे मिस्टर कधी येतात? ही भिंत घ्यायच्या आधी त्यांना एकदा विचारलेलं बरं. पुरुषमाणसांचा जीव असतो लाकडात.”

“येतील,” ती म्हणाली. “जेवायच्या वेळेला येतात ते, बहुतेक.”

तिने बटाटे सोलले. मटणाच्या चॉप तव्यावर टाकल्या. पुढच्या खोलीतून शीळ येत होती, मग कधीतरी ती थांबली, आणि नोएलीनचा सुरीचा हातही थांबला. झाकण ठोकल्याचा आवाज आला. नळ वाहिल्याचा आला. मग काहीच नाही. तिला हाक मारायची होती आणि मारवत नव्हती. तो कोण म्हणून येईल? दाराशी पाय पुसून, ‘नको बाई, डबा आणलाय मी’ म्हणाला तर काय करायचं? बटाटे शिजून फुटायला आले. शेवटी तिने डोळे मिटले आणि रोजच्यासारखी हाक मारली, “मर्व! जेवायला!”

“आलो गं. किती ओरडशील, बहिरा आहे का मी?”

ती वळली नाही. वळली असती तर रडली असती. तिने ताटल्या मांडल्या, पुदिन्याच्या रसाची बाटली ठेवली. तो खुर्ची ओढून बसला, काटा उचलला, आणि उचललेला तसाच राहिला. डगला त्याने काढून कुठेतरी टाकला होता, हातही धुतले होते, पण नखांच्या कडांना पांढरं राहिलं होतं, मनगटावरही एक लांब फराटा होता. तो हात उलटे करून बघत होता, सुलटे करून बघत होता. मग त्याने तिच्याकडे बघितलं, आणि त्या नजरेत जे होतं ते नोएलीनला ओळखायला वेळ लागला नाही. गेले कितीतरी दिवस ती ते आरशात बघत होती.

“नोएली,” तो हळूच म्हणाला, “हे माझ्या हाताला कुठून आलं?”

तिने त्याच्या ताटलीत चॉप वाढली.

“माझ्यामुळे,” ती म्हणाली. “दारांच्या मुठींना सगळ्या माझ्या हाताचा रंग लागलाय. पुसायचं राहिलं. मी फार विसरायला लागलेय रे हल्ली, मर्व. किटली मीच जाळली त्या दिवशी. दूधही टॉवेलांच्यात मीच ठेवलं.”

मग त्याचे खांदे खाली आले. “तरीच,” तो म्हणाला. “तरीच म्हटलं, ह्या घरात चाललंय काय. अगं, मग बोलायचं नाही का? मला वाटलं…” काय वाटलं ते त्याने सांगितलं नाही. टेबलावरून हात पुढे करून त्याने तिचा हात धरला. “असं कर, डॉक्टरला दाखवू या तुला. लाजायचं काय त्यात.”

“मला एकटीला भीती वाटते,” नोएलीन म्हणाली. त्यात खोटं काहीच नव्हतं. “तू येशील ना बरोबर? आत येशील? ते काय विचारतील ते आपण दोघांनीही करू, म्हणजे मला धीर येईल.”

“येईन की. तुला एकटीला सोडेन होय?”

“मग उद्याच जाऊ,” ती म्हणाली, आणि त्याला जेवायची आठवण केली, चॉप गार होत होती.